बाळंतविड्यातील सुती पांघरूण : क्रोशाच्या विणकामाचा पहिला धडा

रोहा तालुक्यातील धाटाव आणि कुंडलिका नदीच्या काठची इतर गावे यांत पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळविणे हेच एक मोठे काम होऊन बसते. या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या मुदतीत कोसळतो. भातलावणीच्या ऐन हंगामात घरात बाळंतपण असले म्हणजे दांडीवर ओली दुपटी, झबली, लंगोट यांची रांग लागते. जाड गोधडी एकदा भिजली की ती तीन-तीन दिवस ओलसर राहते व तिला कुबट वास येऊ लागतो. अशी ओलसर गोधडी बाळाच्या अंगाशी ठेवल्यास त्याला ऊब मिळण्याऐवजी त्याच्या अंगातील ऊब निघून जाते.

नवजात बालकाच्या शरीराची ठेवणच अशी असते की ते फार लवकर गारठते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, कातडीखालील चरबीचा थर पातळ असतो, आणि मोठ्या माणसाप्रमाणे थरथरून उष्णता निर्माण करण्याची शक्ती त्याच्या ठायी नसते. त्याच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस या मर्यादेत राहावयास हवे. जन्मतः अडीच किलोग्रॅमहून कमी वजन असलेल्या बालकाच्या बाबतीत तर गारठा हा आजाराचे मूळ ठरू शकतो. तेव्हा बाळंतविड्यात कुंची, झबली व दुपटी यांच्या जोडीला एक हलके, एकपदरी, धुण्यास व वाळविण्यास सोपे असे पांघरूण असणे अगत्याचे आहे. असे पांघरूण घरच्या घरी क्रोशाच्या एका सुईने विणता येते. ज्या स्त्रीने यापूर्वी विणकामाची सुई हाती धरलेली नाही तिलाही ते साधावे, अशा बेताने पुढील माहिती दिली आहे. पुरुषांनीही हे काम आपले नव्हे असे मानण्याचे कारण नाही. कुंडलिकेच्या खाडीकाठी मासेमारीची जाळी विणणारे व दुरुस्त करणारे हात पुरुषांचेच असतात.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे. दोन सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात, व सुई निसटली तर ते भराभर सुटतात. क्रोशामध्ये मात्र कोणत्याही क्षणी एकच फास उघडा असतो. चुलीवरचा भात उतू जाऊ लागला, दाराशी कोणी आले, मूल रडू लागले, तर हातातील काम तसेच खाली ठेवून उठता येते. उघडा फास थोडा लांब ओढून ठेवला म्हणजे झाले. शेतकरी कुटुंबातील स्त्रीला सलग तासभर मोकळा मिळणे कठीण, म्हणून हे विणकाम तिच्या सोयीचे आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, त्या काळात तेथील अनेक कुटुंबे स्त्रियांनी विणलेल्या क्रोशाच्या लेसवर तगली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे मिशनरी स्त्रियांमार्फत एकोणिसाव्या शतकात ही कला रुजली. महाराष्ट्रातही दारावरचे तोरण, मेजावरचा रुमाल, परकराची किनार या रूपांनी ती घराघरांत पोहोचली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाल्यावर महिला मंडळांच्या शिवण-विणकाम वर्गांतून तिचा आणखी प्रसार झाला. या साऱ्या कामाचा भर लेसवर होता, आणि लेस म्हणजे बारीक दोरा व मोठी छिद्रे. बाळाच्या पांघरुणाला नेमके याच्या उलट हवे असते. तोरण उत्तम विणणाऱ्या हाताने त्याच नमुन्याचे पांघरूण विणले तर त्याच्या जाळीत बाळाची बोटे अडकतात. बोटाभोवती दोऱ्याचा पीळ बसून रक्तप्रवाह थांबण्याचा धोका असतो, आणि बाळ नुसते रडत राहते. कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. यासाठी आपण निवडावयाची वीण भरीव असावी. ती दिसावयास साधी असते, यात तिचा कमीपणा नाही.

सूत कोणते घ्यावे

बाजारात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात त्यांत बहुधा मेंढीच्या लोकरीचा एकही तंतू नसतो. ते ॲक्रिलिक नावाच्या कृत्रिम धाग्याचे असतात. हा धागा स्वस्त असतो, रंग मोहक असतात, आणि तो लवकर वाळतो, हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु तो घाम शोषून घेत नाही. कोकणातील दमट हवेत असे पांघरूण अंगावर असले की बाळाच्या मानेखाली व पाठीवर घाम साचतो, पुरळ येते. शिवाय आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची आणि बाळाला ओव्याची धुरी देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळते व वितळलेला भाग कातडीला चिकटतो. सुती पांघरूणही पेट घेते, तेव्हा शेगडीजवळ कोणतेच पांघरूण नेऊ नये. आणि धूर बाळाच्या नाजूक फुप्फुसांना बाधक असल्यामुळे धुरी देऊच नये, हे घरातील वडील मंडळींना आदरपूर्वक पटवून द्यावे. दख्खनी मेंढीची खरी लोकर घोंगडीला उत्तम, पण ती भरड असल्याने बाळाच्या त्वचेला बोचते.

सबब आपल्या हवामानात मध्यम जाडीचे, मऊ पिळाचे सुती सूत हेच योग्य. गुंड्यावरील चिठ्ठीवर सुईचे माप छापलेले असते; ते ४ मिलिमीटर असेल असे सूत घ्यावे. लेससाठीचे बारीक, चकचकीत सूत घेऊ नये, त्यात काम कधी संपावयाचे नाही. सूत खरोखर कापसाचे आहे किंवा नाही याबद्दल शंका असल्यास वीतभर तुकडा चिमट्यात धरून काळजीपूर्वक पेटवून पाहावा. कापूस जळताना कागद जळल्यासारखा वास येतो व मागे हलकी, भुरकट राख राहते. कृत्रिम धागा आक्रसून त्याचा टणक मणी बनतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो.

रंग पांढरा, फिका पिवळा किंवा फिका हिरवा असावा. फिक्या रंगावर टाके स्पष्ट दिसतात व मळ लपून राहत नाही. गडद रंगावर नवख्या व्यक्तीला टाके मोजता येत नाहीत, विशेषतः रात्री दिव्याखाली. सव्वा दोन हात लांबी-रुंदीच्या, सुमारे मीटरभर पांघरुणाची हौस पुष्कळांना असते. परंतु पहिल्या कामास ७५ सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद एवढे पुरे. त्यास ५० ग्रॅमचे सुमारे नऊ गुंडे, म्हणजे साडेचारशे ग्रॅम सूत लागेल. सर्व गुंडे एकदमच घ्यावेत, कारण निरनिराळ्या वेळी रंगविलेल्या सुताच्या छटेत फरक पडतो. ४ मिलिमीटरची एक सुई, साध्या साखळीसाठी ५ मिलिमीटरची दुसरी, मोठ्या नेढ्याची व बोथट टोकाची एक शिवणसुई, कात्री आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते.

नमुना

एकदम पांघरुणास हात घालू नये. प्रथम एक गुंडा केवळ शिकण्यासाठी आहे असे समजावे. तो उसवून पुन्हा वापरता येतो, वाया जात नाही. सुताच्या टोकाशी सरकगाठ मारून तो फास सुईवर चढवावा. सूत डाव्या हाताच्या करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्यावे, म्हणजे ते सारख्या ताणाने सुटत राहते. सुई उजव्या हातात लेखणीप्रमाणे किंवा सुरीप्रमाणे, जशी सोयीची वाटेल तशी धरावी. डावखुऱ्या व्यक्तीने हात उलटे करून घ्यावेत. बाकी कृतीत फरक नाही. सूत सुईच्या आकड्यात घेऊन फासातून बाहेर ओढले की एक साखळी झाली. अशा साखळ्या विणत राहाव्यात. पहिल्या दिवशी एवढेच करावे. साखळ्या आरंभी एक घट्ट, एक सैल अशा पडतात. दोन-तीन हात लांबीची साखळी विणून झाली की हात बसतो.

दुसऱ्या दिवशी तीन प्रकारचे टाके शिकावेत. सुई टाक्यात घालून सूत ओढून घेतले की सुईवर दोन फास होतात. पुन्हा सूत घेऊन ते दोहोंतून एकदम काढले म्हणजे मुका खांब होतो. सुईवर आधी सुताचा एक वेढा घेऊन मग ती टाक्यात घातली व सूत ओढले तर सुईवर तीन फास येतात. पुन्हा सूत घेऊन तिन्हींतून एकदम काढले की अर्धा खांब झाला. याच तीन फासांतून एकदम न काढता आधी दोहोंतून व मग उरलेल्या दोहोंतून काढले तर पूर्ण खांब होतो. पूर्ण खांब उंच असतो, काम लवकर वाढते, पण दोन खांबांमध्ये फट राहते. मुक्या खांबाची वीण अत्यंत भरीव, परंतु ताठ होते व वेळ फार घेते. आपल्या कामासाठी अर्धा खांब सर्वांत सोयीचा. त्याची वीण भरीव राहूनही मऊ पडते, आणि हात बसला की ओळ भराभर पुढे सरकते.

आता २२ साखळ्या विणाव्यात. सुईवरचा फास न मोजता, सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब घालावा व पुढे प्रत्येक साखळीत एकेक घालत जावे. शेवटी २० अर्धे खांब भरतील. दोन साखळ्या घालून काम उलटवावे आणि दुसरी ओळ सुरू करावी. विणलेल्या ओळीच्या माथ्यावर वेणीसारखी पीळदार रेघ दिसते; त्या वेणीचा एकेक पेड म्हणजे एकेक टाका होय. सुई त्या पेडाच्या दोन्ही सुतांखालून घालावी. अर्ध्या खांबाला मागील बाजूस तिसरे आडवे सूत दिसते, त्यात सुई घालू नये. अशा १४-१५ ओळी झाल्यावर नमुना धुवावा, वाळवावा, आणि मगच मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. सुती काम पहिल्या धुण्यात आटते. न धुता मोजलेला हिशेब पुढे चुकतो.

हातागणिक हा आकडा बदलतो. १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसत असतील तर ७५ सेंटिमीटरसाठी साडेसात पट, म्हणजे १२० टाके लागतील. हात सैल असून १४ बसले तर १०५ घ्यावेत. घट्ट असून १८ बसले तर १३५. दुसऱ्याच्या नमुन्यातील आकडा डोळे झाकून घेतल्यामुळे कोणाचे पांघरूण रुमालाएवढे, तर कोणाचे सतरंजीएवढे होते.

पांघरूण विणताना

पुढील आकडे १६ टाक्यांच्या हिशेबाचे आहेत. ५ मिलिमीटरच्या सुईने १२२ साखळ्या विणाव्यात. मोठी सुई एवढ्यासाठीच की नवख्या हाताची साखळी घट्ट पडते आणि पांघरुणाचा खालचा काठ आखडतो. दर वीस साखळ्यांनंतर दुसऱ्या रंगाचा दोरा बांधून ठेवल्यास मोजताना घोटाळा होत नाही. मग ४ मिलिमीटरची सुई घेऊन तिसऱ्या साखळीपासून अर्धे खांब घालावेत. ओळीत १२० भरले पाहिजेत. दोन साखळ्या, काम उलटविणे, पुन्हा १२०. पांघरुणाची सारी कृती एवढीच आहे.

असे असता शिकाऊ स्त्रियांची दहापैकी सात-आठ पांघरुणे निमुळती का होतात, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो. कारण ओळीच्या दोन टोकांशी दडलेले असते. काम उलटविल्यावर घातलेल्या दोन साखळ्या टाका म्हणून मोजावयाच्या नाहीत. पहिला अर्धा खांब त्यांच्या अगदी बुडाशी असलेल्या पहिल्याच टाक्यात घालावयाचा असतो. तेथे एक टाका सोडला गेला की ओळ एकाने घटली. ओळीच्या शेवटचा टाका किंचित खाली वळलेला असतो व नजरेतून सुटतो; तोही राहिला की आणखी एकाने घटली. दोन्ही चुका नित्य होत राहिल्या तर दर ओळीस दोन, म्हणजे पंचवीस ओळींत पन्नास टाके नाहीसे होतात आणि चौकोनाची उतरंड होते. उलटपक्षी त्या दोन साखळ्यांच्या माथ्यावरही टाका घातला तर पांघरूण पंख्यासारखे पसरते. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या व शेवटच्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा लहान तुकडा अडकवावा व परत येताना त्या खुणेच्या टाक्यातच सुई घालावी. पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी मोजाव्यात, नंतर दर पाचव्या ओळीस मोजले तरी चालते. चूक आढळली तर 'पुढे भरून काढू' असे म्हणू नये, तेथपर्यंत उसवावे. क्रोशाचे काम उसविण्यास सूत ओढण्यापलीकडे श्रम नाहीत.

नवा गुंडा शक्यतो ओळीच्या टोकाशी जोडावा. जुन्या व नव्या सुताची सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची शेवटे मोकळी सोडावीत. मध्ये गाठ मारू नये, ती बाळाच्या अंगाला टोचते व धुण्यात सुटते. एका गुंड्यात साधारण दहा-अकरा ओळी होतात. ओळी मोजत बसण्यापेक्षा पांघरुणाचा एक कोपरा रुमालाप्रमाणे तिरका दुमडून पाहावा. वरची कड व बाजूची कड जुळली की चौकोन पुरा झाला. अर्ध्या खांबाच्या सुमारे ९० ओळींत तो जुळतो.

त्यानंतर चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक फेरी घालून काठ बांधावा. वरच्या व खालच्या बाजूस प्रत्येक टाक्यात एक घालावा, आणि कोपऱ्याच्या टाक्यात तीन, म्हणजे कोपरा आखडत नाही. उभ्या बाजूंना टाके नसून ओळींची टोके असतात; तेथे दर तीन ओळींना चार मुके खांब या प्रमाणात घालावेत. ९० ओळींना १२० खांब होतात व चारही बाजू सारख्या बसतात. मोकळी सोडलेली शेवटे बोथट सुईने विणीतून एकदा पुढे व एकदा मागे ओवून मग कापावीत. झालर, गोंडे, रिबिनी, मणी, टिकल्या, गुंड्या यांपैकी काहीही लावू नये. बाळाच्या हातात पहिल्याने येते ते तोंडात जाते, आणि सुटलेला मणी घशात अडकण्यास क्षणही लागत नाही. आत्या-मावश्यांच्या हौसेला येथे थोडा आवर घालावा लागेल.

१२० टाक्यांच्या एका ओळीस नवख्या हाताला पंधरा मिनिटे लागतात असे धरले तर ९० ओळींस साडेबावीस तास होतात. काठ व शेवटे धरून पंचवीस. रोज एक तास दिल्यास पंचवीस दिवस. म्हणून सातव्या महिन्यात काम सुरू केलेले बरे.

पांघरूण कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये

पांघरूण कितीही चांगले विणले तरी ते चुकीच्या जागी वापरल्यास अपाय होतो. एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये. बाळ हातपाय झाडते, पांघरूण तोंडावर येते, आणि ते दूर सारण्याची समज व शक्ती त्याला नसते. बाळाला पाठीवर झोपवावे; अंगात अंगाबरोबर बसणारे सुती कपडे घालावेत, थंडी असल्यास एक थर अधिक. साडीच्या झोळीत झोपविण्याची पद्धत घरोघरी आहे. तेथे तर माश्या किंवा वारा लागू नये म्हणून झोळीचे तोंड पांघरुणाने झाकण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. माश्यांसाठी मच्छरदाणी आहे.

मग पांघरुणाचा उपयोग कधी? बाळ कोणाच्या तरी मांडीवर, कडेवर किंवा नजरेसमोर जागे असताना. पावसाळी दिवशी लसीकरणासाठी त्याला आरोग्य केंद्रात न्यावयाचे असते तेव्हा. अंग पुसल्यानंतर कपडे चढेपर्यंत. येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे : जन्मल्याबरोबर बाळाला स्नान घालू नये, कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून आईच्या अंगाशी द्यावे व पहिले स्नान निदान चोवीस तास लांबवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

या पांघरुणाचा सर्वांत मोलाचा उपयोग कमी वजनाच्या बालकासाठी होतो. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा येथील एका रुग्णालयात, उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्यामुळे डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बालके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू या प्राण्याच्या पोटपिशवीवरून या पद्धतीस कांगारू मातृसेवा असे नाव पडले, आणि आता आपल्या रुग्णालयांतूनही ती शिकविली जाते. बाळाला केवळ टोपरे, पायमोजे व लंगोट घालून आईच्या स्तनांमध्ये उभे, पोट आईच्या अंगाला लागेल असे ठेवावयाचे असते. त्याची मान एका बाजूस वळवून नाक-तोंड मोकळे ठेवतात व ओढणीने त्याला आवळून घेतात. त्याच्या पाठीवरून घेण्यास ७५ सेंटिमीटरचे हे पांघरूण अगदी माफक बसते. ऊब आईच्या शरीराची. पांघरुणाने ती फक्त टिकून राहते. आईला विश्रांती हवी असेल तेव्हा वडील, आजी यांनाही बाळाला असे छातीशी घेता येते. बाळ गारठले आहे का हे हातापायांवरून ठरवू नये, ते बहुधा गारच लागतात. छातीला व पाठीला हात लावून पाहावा. तेथेही गार लागले, बाळ निस्तेज दिसले किंवा अंगावर ओढीनासे झाले, तर त्याला छातीशी धरूनच विनाविलंब दवाखाना गाठावा. उलट मान घामेजली असेल तर एक थर कमी करावा. अति उष्णताही बाळाला सोसत नाही.

धुणे आणि ठेवणे

वापरण्यापूर्वी पांघरूण एकदा साध्या साबणाने धुवावे व साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे. नीळ, खळ व सुगंधी द्रव्ये वापरू नयेत. ओले सूत जड होते. दांडीवर टांगल्यास पांघरूण आपल्याच वजनाने लांबते व चौकोनाचा आकार बिघडतो. पिळण्याऐवजी ते कोरड्या पंचात गुंडाळून दाबावे, पाणी पंचात उतरते. मग बाजेवर सपाट पसरून वाऱ्याच्या जागी किंवा पंख्याखाली ठेवावे व मध्ये एकदा उलटावे. चुलीवरच्या माळ्याखाली वाळविल्यास धुराचा वास विणीत बसतो. एकपदरी असल्यामुळे हे पांघरूण गोधडीपेक्षा खूपच लवकर वाळते. तरी आषाढ-श्रावणात दोन पांघरुणे असणे बरे, एक वापरात व एक वाळत.

पावसाळ्यानंतर ठेवून देताना कडक उन्हात वाळवून सुती पिशवीत ठेवावे. बाळाच्या कोणत्याही कपड्यात डांबरगोळ्या घालू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची उणीव असते. अशा बालकाच्या रक्तातील तांबड्या पेशी डांबरगोळ्यांच्या वाफेने फुटतात व तीव्र कावीळ होते. ही उणीव बाहेरून दिसत नाही, म्हणून सर्वांनीच ही काळजी घ्यावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वर्ग घेण्यास भाताची कापणी-झोडणी उरकल्यानंतरचा काळ योग्य. मात्र ज्या शिवारांना काळ प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी मिळते तेथे उन्हाळी भाताचे काम पुन्हा सुरू होते, हे ध्यानात घेऊन गावागावाची वेळ ठरवावी. धाटावसारख्या ठिकाणी, जेथे औद्योगिक वसाहतीमुळे पुष्कळ घरांतील माणसे कारखान्यांत पाळीने कामास जातात, तेथे सर्वांना सोयीची एकच वेळ मिळणार नाही. चार-पाच जणींचे लहान गट करून ज्या त्या आळीत बसविणे बरे. अंगणवाडी सेविका किंवा आशा यांपैकी एकीने टाके शिकवीत असताना दुसरीने वर दिलेली वापराची माहिती सांगावी. हात कामात गुंतलेले असताना स्त्रिया अशा गोष्टी मोकळेपणी विचारतात. भाषण ठेवले की विचारीत नाहीत.

या विणकामातून मोठी मिळकत होईल असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. पंचवीस तास म्हणजे शेतमजुरीचे तीन दिवस. त्यावर सुताची किंमत. यंत्रावर बनलेले बाळाचे पांघरूण बाजारात पुष्कळदा नुसत्या सुताच्या किमतीतही मिळते, आणि गिऱ्हाईक तुलना त्याच्याशी करते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. परदेशी जाणाऱ्या मालासाठी या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास काम करीत. पण ते 'फावल्या वेळेचे काम' मानले गेल्यामुळे त्यांच्या हाती येणारा मोबदला शेतमजुरीहूनही कमी असे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. बचत गटाला विक्रीच करावयाची असेल तर पांघरुणाऐवजी टोपरे व पायमोजे घ्यावेत. त्यांना सूत थोडे लागते, एका बैठकीत जोडी तयार होते. किंमत ठरविताना सुताबरोबर घड्याळाने मोजलेले तासही वहीत मांडावेत. पांघरूण स्वतःच्या घरच्या किंवा शेजारच्या बाळासाठी विणावे. मूल मोठे झाल्यावर काठाची एक फेरी उसवली की उरलेले सूत सुटत जाते. ते लडीसारखे गुंडाळून धुतले व वजन लावून वाळविले की त्याच्या सुरकुत्या जातात आणि पुढच्या बाळंतविड्यास ते पुन्हा उपयोगी पडते.